परदेशातील घर आणि कागदावरचे नाव



आखाती देशात नोकरी करणारे आमच्या जमातीतील एक बांधव रजेवर आले असता असरच्या नमाजनंतर एक माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे बसले. थायलंडमधील फुकेत बेटावर बांधल्या जाणाऱ्या रिसॉर्टमधील बंगला, रक्कम हप्त्यांनी, आणि दरवर्षी ठरावीक टक्के परताव्याची हमी. त्यांनी विचारले, "मौलाना, घर घेणे तर हलालच ना?"

घर घेणे हलालच आहे. पण तुम्हीही असा विचार करीत असाल तर आधी करार पाहा. थायलंडच्या 1954 च्या भूमी संहितेनुसार परदेशी माणसाला सहसा जमिनीची मालकी मिळत नाही. नोंदणीकृत कॉन्डोमिनियममधील सदनिका तो 1979 च्या कायद्यान्वये स्वतःच्या नावे घेऊ शकतो. मात्र परदेशीयांकडील क्षेत्र त्या इमारतीतील एकूण सदनिकांच्या क्षेत्राच्या 49 टक्क्यांपुढे जाता कामा नये. जमीन भाडेपट्ट्याने मिळते, तीही एका वेळी जास्तीत जास्त 30 वर्षांसाठी. मग बंगल्याची जमीन विकणार कशी? विक्रेत्याचा प्रतिनिधी हळूच सुचवतो: जमीन स्थानिक माणसाच्या नावे करा, खरे मालक तुम्हीच. तेथील कायद्याने हा गुन्हा आहे.

शरीअतच्या दृष्टीनेही ही बाब किरकोळ नाही. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज वा रोजाविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. लेखणीला अल्लाहने दिलेला हा मान पाहता त्याच लेखणीने खोटा मालक लिहवून घेणे मुसलमानाला शोभेल काय? शिवाय तो कागदोपत्री मालक उद्या मरण पावला, तर त्याचे वारस तुम्हाला कशाला ओळखतील?

हमीच्या परताव्याचेही असेच. तयार घर ठरावीक भाड्याने देणे जायज आहे. पण इमारतीचा पाया भरण्यापूर्वीच तुम्ही भरलेल्या रकमेवर टक्के मिळू लागले, तर ते भाडे कोणत्या घराचे? ते रकमेवरचे व्याजच, नाव काहीही द्या. रिसॉर्टच्या एकत्रित नफ्यात वाटा असेल, तर त्यात मद्यगृहाची कमाई मिसळते का, हेही विचारा. (जकातीविषयी अनेक जण विचारतात: भाड्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर नाही, शिल्लक राहिलेल्या भाड्यावर; पुन्हा विकण्यासाठीच घेतले असेल तर दरवर्षी बाजारभावाच्या अडीच टक्के.)

हे ऐकून ते बांधव काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मौलाना, आमच्या गावच्या बागेच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांचीच नावे आहेत."

"आणि बहीण?"

"अब्बा गेल्यावर तिने सही करून दिली."

"मोबदला काय दिलात?"

उत्तर आले नाही. सूरह निसाने मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा ठरवून दिला आहे. तो दान नव्हे, हक्क आहे. लाजेने वा दडपणाने दिलेल्या सहीमुळे तो भावाला हलाल होत नाही. तीन भाऊ आणि एक बहीण असल्यास वारसांच्या वाट्यातून सातवा हिस्सा तिचा. आई हयात असेल तर तिचा आठवा हिस्सा आधी काढावा.

ते गृहस्थ रजा संपण्यापूर्वी बहिणीकडे जाऊन आले. हप्त्यासाठी ठेवलेल्या रकमेतून तिच्या वाट्याची किंमत देऊ केली, तेव्हा तिने पैसे नाकारले आणि बागेतील आपला हिस्सा मागितला. फेरफाराचा अर्ज आता तलाठी कार्यालयात आहे.