झडीतलं क्रिकेट

खान्देशातल्या हौशी क्रिकेटचा मोसम दिवाळीनंतर रंगात येतो आणि मृग लागला की आटोपतो. जळगावच्या सागर पार्कपासून धुळ्याच्या गरुड मैदानापर्यंत, मधल्या तालुक्यांच्या गावांत मोकळी जागा सापडेल तिथे, टेनिस चेंडूचे सामने उन्हाळ्यात भरात असतात. भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 अंशांवर जातो, तरीही दुपारी तीनला पोरं मैदानात उभी असतात. मग जूनचा पहिला मोठा पाऊस पडतो, मॅटिंग गुंडाळून ठेवलं जातं आणि पुढचे तीन-चार महिने मैदान गवताच्या आणि गुरांच्या ताब्यात जातं.

ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली उलटापालट कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्षातला सर्वांत घातक पाऊस याच मोसमात येतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून येतं, वावटळ उठते, विजा कडाडतात, कधी गारा पडतात आणि रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात. त्या पावसात मैदानावर थांबणं जिवावर बेतू शकतं. आषाढ-श्रावणातली झडी तुलनेनं शांत असते. संथ, बारीक, दिवसभर रेंगाळणारी, आणि विजांचं प्रमाण बरंच कमी. म्हणजे खान्देश ज्या पावसाला भ्यायला हवं त्याच्या तोंडावर खेळतो आणि ज्या पावसात खेळता येईल त्यात घरी बसतो.

पावसात क्रिकेट खेळता येतं, आणि ते गांभीर्यानं खेळता येतं, याचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. होरमसजी कांगा या पारशी क्रिकेटपटूच्या नावानं 1948 साली मुंबईत सुरू झालेली कांगा लीग मुळात पावसाळ्यासाठीच आखली गेली. इंग्लंडमधल्या ओल्या खेळपट्ट्यांवर भारतीय फलंदाज टिकत नाहीत, तर त्यांना ओल्या खेळपट्टीवरच वाढवावं, हा तिच्यामागचा विचार. विजय मर्चंट तिचे खंदे पुरस्कर्ते होते. लीग सुरू होण्याच्या काही महिने आधीच, 1947 च्या अखेरीस, ब्रिस्बेनला पावसानं भिजलेल्या खेळपट्टीवर भारताचा संघ 58 आणि 98 धावांत बाद झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या एर्नी टोशॅकनं पहिल्या डावात अवघ्या दोन धावांत पाच बळी घेतले होते.

कांगा लीगमध्ये खेळपट्टी झाकायची नाही. वरचा थर मऊ, त्याखाली कठीण. त्यामुळे एक चेंडू टप्पा पडून थबकतो, तर दुसरा बरगडीपर्यंत उसळतो. आझाद मैदानावर वीसहून अधिक खेळपट्ट्या शेजारी-शेजारी, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या स्लिपपाशी उभा. गवत इतकं वाढलेलं की जमिनीलगत मारलेला उत्तम ड्राइव्हही दहा पावलांवर रुतून बसतो. सीमारेषा गाठायची तर चेंडू उचलून मारावा लागतो, नाहीतर पळून एक-एक धाव जमवावी लागते. अशा मैदानावर केलेल्या पंचवीस-तीस धावांचं मोल खेळणाऱ्यांना नेमकं ठाऊक असे. दादर युनियनकडून सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर या लीगमध्ये खेळले. 589 प्रथम श्रेणी बळी घेऊनही एकही कसोटी न मिळालेले पद्माकर शिवलकर इथे गोलंदाजी करत. सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा असताना, 1984 मध्ये, जॉन ब्राइट क्लबकडून या लीगमध्ये उतरला.

लीगनं काय साधलं, हे मोजणं सोपं नाही. ती सुरू होऊन चार वर्षं झाली, तरी 1952 मध्ये मँचेस्टरच्या ओल्या खेळपट्टीवर भारत एकाच दिवशी दोनदा बाद झाला, 58 आणि 82 धावांत. 1971 मध्ये ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध 173 धावांचं लक्ष्य गाठताना मुंबईच्या वाडेकरांनी 45 आणि सरदेसाईंनी 40 धावा केल्या. त्या विजयाचं श्रेय थेट पावसाळी लीगच्या पदरात टाकणं घाईचं होईल. शिवाय कसोटी खेळपट्ट्या झाकण्याची पद्धत पुढे सगळीकडे रूढ झाली आणि लीगचा मूळ हेतूच संपला. तरीही माणसं भिजत खेळत राहिली, ही यातली खरी महत्त्वाची गोष्ट आहे. या लीगमध्ये खेळलेल्या हजारोंपैकी फार थोड्यांना इंग्लंडला जायचं होतं. बाकीचे बँकेत, गिरणीत, कचेरीत काम करणारे, रविवारी मैदान गाठणारे हौशी खेळाडू होते.

आता खान्देश. मुंबईत वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जळगाव जिल्ह्यात 700 च्या आसपास आणि धुळ्यात त्याहून कमी. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-पंधरा दिवसांचे खंड पडतात. पाऊस जास्त म्हणून खेळ बंद, हे कारण मग टिकत नाही. खरी अडचण जमिनीची आहे. तापीच्या खोऱ्यातली काळी माती कपाशी-केळीला सोन्यासारखी, पण पाणी पिऊन फुगते, ते सहजी खाली झिरपू देत नाही आणि बुटाला किलोभर चिकटून येते. तिच्यावर गोलंदाज धावत आला तर पाय सटकेल, गुडघा मुरगळेल. ज्यांच्याकडे खिळ्यांचे बूट नाहीत, अशा पोरांना हा धोका जास्त.

पण या मातीचा स्वभाव इथल्या खेळाडूंइतका कोणाला कळतो? संघातले निम्मे शेतकऱ्यांच्या घरचे. पाऊस उघडल्यावर वापसा कधी येतो, कोळपं कधी चालेल, वावराचा कोणता कोपरा आधी सुकतो, हे त्यांना पायाखालच्या मातीवरून कळतं. शिवाय ज्या दिवशी वापसा नसतो, त्या दिवशी शेतात कामही नसतं. ना निंदणी, ना फवारणी. नेमका तोच दिवस हे तरुण पारावर बसून मोबाइलमध्ये घालवतात. मैदानाचा मधला पट्टा मुरूम टाकून, दाबून, दोन्ही बाजूंना उतार देऊन थोडा उंच केला आणि त्यावर मॅटिंग अंथरलं, तर काळ्या जमिनीच्या मैदानावरही पाऊस थांबल्यावर बऱ्याच लवकर खेळ सुरू होऊ शकतो. गोलंदाजाच्या धावपट्टीलाही हाच मुरूम. बाहेरचं गवत ओलं राहिलं तर राहू द्यावं.

खेळायचं की थांबायचं, हे कोणी ठरवायचं? क्रिकेटच्या 2000 सालच्या नियमसंहितेत मुळात अशी सोय होती की मैदान किंवा हवामान योग्य नसलं, तरी दोन्ही कर्णधारांची तयारी असेल तर खेळ चालू राहू शकतो. 2017 च्या संहितेनुसार हा निर्णय फक्त पंचांचा आहे. गोलंदाजाला पाय रोवता येत नसेल, क्षेत्ररक्षकाला मोकळेपणानं हलता येत नसेल, तर खेळ थांबवावा, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. व्यावसायिक सामन्यासाठी हे योग्यच. गावच्या सामन्यात मात्र पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एखादा खेळाडू असतो. जो संघ मागे पडलेला असतो त्याला मैदान लवकर निसरडं वाटू लागतं. म्हणून नाणेफेकीआधीच दोन्ही कर्णधारांनी मैदानाची फेरी मारून बोलून घेणं, ‘अमुक झालं तर थांबायचं, भो’ असं सर्वांदेखत ठरवणं, हेच हौशी खेळाला शोभतं. या ठरवण्यातून जी सवय लागते ती कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात मिळत नाही.

एका बाबतीत मात्र बोलणीच नकोत. देशात विजा पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात आणि त्यांत बहुतेक उघड्यावर काम करणारी असतात. सपाट मैदानावर बॅट हातात धरून उभा असलेला माणूस हा धोका ओढवून घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर खेळ तत्क्षणी बंद करावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानात पाऊल ठेवू नये. झाडाखालीही थांबू नये, पक्क्या छताखाली जावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं काढलेलं ‘दामिनी’ हे ॲप फुकट आहे. आयोजकांपैकी एकानं ते उघडं ठेवून बसावं.

ओल्या मैदानावरचा खेळ वेगळा असतो, आणि त्याची गोडीही वेगळी. टेनिस चेंडू पाणी शोषून जड होतो, कमी उसळतो; उन्हाळ्यात षटकाराला जाणारा फटका इथे लाँगऑनच्या हातात पडतो. बोटं ओली असल्यानं फिरकी गोलंदाजाला पकड मिळत नाही, पण चेंडू खाली राहत असल्यामुळे सरळ टाकणाराही बळी घेतो. लेदरचा चेंडू वापरायचा तर हेल्मेट सक्तीचं करावं, कारण मॅटिंगखालचा मुरूम कुठे मऊ, कुठे कडक असेल याचा भरवसा नाही.

कांगा लीगचा सामना षटकांत बांधलेला नसतो, दिवसावर बांधलेला असतो, हेही खान्देशनं उचलावं. षटकांच्या सामन्यात पाऊस आला की लक्ष्य नव्यानं काढण्याचं भांडण सुरू होतं. सरासरी धावगतीनं हिशेब केला तर दहाच्या दहा गडी हाताशी असलेल्या पाठलाग करणाऱ्या संघाचं फावतं. दिवसाच्या सामन्यात पाऊस फक्त वेळ खातो आणि सामना अनिर्णित राहणं हाही एक मान्य निकाल असतो. पहिल्या वर्षी जळगाव आणि धुळे मिळून आठ संघ पुरेत. पेरण्या आटोपल्यानंतरचे, पोळ्यापर्यंतचे रविवार धरावेत. दोन्ही शहरांत मुरुमाचा पट्टा केलेलं एक-एक मैदान, लाकडाच्या भुश्याची दोन पोती, कोरडे टॉवेल आणि शेजारच्या शाळेचा व्हरांडा. बक्षिसाची रक्कम ठेवायची गरज नाही. तो पैसा मुरुमावर खर्च व्हावा.