दरडीचा लोंढा आणि नकाशावरची रेघ

नांदूरघाटात एका ओळखीच्या माणसानं मोबाइलवर सह्याद्रीचा रंगीत नकाशा दाखवला. म्हणाला, “आता इर्शाळवाडी व्हायची नाही. दरड कुठवर येणार ते कॉम्प्युटर आधीच सांगतो.” तांबड्यात धोका, हिरव्यात निर्धास्त झोपा.

मला आणेवारी, म्हणजे पिकाचा पैशांत मांडलेला अंदाज, आठवली. आमच्या बीडमध्ये वर्षानुवर्षं दुष्काळ 50 पैशांच्या रेघेवर ठरत असे, पण 51 पैसे लागलेल्या गावाच्या विहिरीही कोरड्याच असायच्या. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर उतरला; 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसांचा शोध थांबवावा लागला.

दरडीच्या लोंढ्याच्या गणिताची गोष्ट नेहमी एकाच चालीनं सांगतात: संगणक वेगवान झाले, म्हणून अंदाज अचूक झाले. हे मला मुळातच चुकीचं वाटतं.

1955 मध्ये व्होएल्मी या स्विस इंजिनिअरनं हिमलोटासाठी मांडलेलं सूत्र आज चिखल-धोंड्यांच्या लोंढ्यालाही वापरतात. त्यात दोन आकडे असतात: एक कोरड्या घर्षणाचा, दुसरा वेगाबरोबर वाढणाऱ्या विरोधाचा. ते बहुधा प्रयोगशाळेत मिळत नाहीत. घडून गेलेल्या लोंढ्यावरून उलटं गणित करून काढावे लागतात. त्यातही एक घट्ट केला, दुसरा सैल सोडला, तरी लोंढा त्याच बांधाशी थांबलेला दाखवता येतो. वेग तेवढा वेगळा. 30 जुलै 2014 ला मालीणमध्ये दरडीखाली 151 माणसं गाडली गेली. त्या दरडीवरून काढलेले आकडे ही मालीणची साक्ष आहे. दुसऱ्या डोंगराचा मुरूम वेगळा, मातीचा थर वेगळा.

मग 1997 मध्ये आयव्हर्सन या संशोधकाचा चिखल-धोंड्यांच्या लोंढ्यांवरचा निबंध आला. ओरेगॉनमधल्या 95 मीटर लांबीच्या उतरत्या काँक्रीटच्या पन्हळीत सोडलेले लोंढे त्यामागे होते. तोंडाशी मोठे धोंडे अडखळत चालतात. मागचा चिखल मात्र कणांमधल्या पाण्याच्या दाबावर जवळजवळ तरंगत त्यांना ढकलतो. म्हणजे घर्षण हा एक ठरलेला आकडा नाहीच, लोंढा चालता चालता तो बदलतो. लोक याला सूत्रातली सुधारणा म्हणतात. मला त्यात कबुली दिसते: उतार तुटण्याआधी त्याच्या पोटात पाणी किती दाबानं साठलंय हे ठाऊक नसेल, तर पुढचं सगळं गणित अटींवर उभं आहे. तो दाब उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. उतारात नळी पुरून तो मोजावा लागतो.

म्हणून सिम्युलेशन प्रामाणिकपणे चालवलं तर एक उत्तर येत नाही. आकडे थोडे थोडे बदलत शंभरदा चालवा. काही लोंढे ओढ्यातच विरतील, काही शाळेच्या भिंतीला भिडतील. हा पसाराच गावासमोर ठेवायला हवा. छापताना त्याची एकच रेघ होते, आणि कुठल्या दरडीचे आकडे वापरले तेही त्या रेघेशेजारी लिहिलेलं नसतं.

हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं बोटांनी नकाशा मोठा केला. हिरव्या पट्ट्यात एक वाडी होती, वरून येणाऱ्या ओढ्याच्या अगदी तोंडाशी.