करण आणि कर्ता

कुवेत शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत कुरैन नावाची वस्ती आहे. त्या वस्तीतील एका घराच्या भिंतींना पडलेली भगदाडे कोणी बुजविलेली नाहीत आणि काँक्रीटमधून बाहेर आलेल्या वाकड्या सळ्याही कोणी कापलेल्या नाहीत. कारण ते घर आहे त्या भग्न स्थितीतच संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. 24 फेब्रुवारी 1991 रोजी, इराकी अंमलाच्या सातव्या महिन्यात, ‘मसीला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकारगटातील एकोणीस कुवेती या घरात होते. इराकी शिपाई दाराशी आले, गोळीबार सुरू झाला आणि थोड्याच अवधीत घरासमोर रणगाडे येऊन उभे राहिले. आतल्या माणसांजवळ रायफली व तत्सम हलकी हत्यारे, तर बाहेर पोलादी चिलखत आणि तोफा, अशी ती विषम लढत सुमारे दहा तास चालली. तिघे लढता लढता पडले, नऊ जण पकडले जाऊन ठार मारले गेले आणि सात वाचले.

ज्यांच्यासोबत मी ते घर पाहावयास गेलो होतो, त्या गृहस्थांचे सारे आयुष्य जमाखर्चाच्या कामात गेलेले. एका भगदाडातून फरशीवर उन्हाचा लांबट पट्टा पडला होता. त्याकडे पाहत ते बराच वेळ उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, ‘‘अहो, पण दोनच दिवसांनी, सव्वीस तारखेला, कुवेत मुक्त झाले. हे लढले नसते तरी ते झालेच असते. मग यांनी साधले काय?’’ प्रश्नात उपहासाचा लवलेशही नव्हता. होते ते केवळ दुःख. म्हणूनच त्याला घाईने उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

हाच प्रश्न युद्धशास्त्राच्या इतिहासात एका हत्याराविषयी फार काटेकोरपणे विचारला गेला आहे. पायदळाच्या शिपायाने एकट्याने रणगाडा भेदावा, या हेतूने 1918 साली जर्मनीने 13.2 मिलिमीटर व्यासाची अवजड माउझर बंदूक तयार केली आणि पुढे ब्रिटिशांनी सुमारे सोळा किलो वजनाची ‘बॉइज’ बंदूक पलटणींना दिली. हिंदी पलटणींच्या शिपायांनीही ती खांद्यावर वाहिली आणि तिचा जबर धक्का त्याच खांद्यावर सोसला. शंभर वारांवरून वीसेक मिलिमीटर पोलाद भेदणे हे तिचे सामर्थ्य. 1939 सालच्या हलक्या रणगाड्यांपुढे ते पुरेसे होते, परंतु ज्या ‘टायगर’च्या दर्शनी चिलखताची जाडी 100 मिलिमीटर होती, त्याच्यापुढे ती बंदूक हाती असणे आणि नसणे सारखेच. रशियनांच्या 14.5 मिलिमीटरच्या बंदुकांची कथा किंचित निराळी आहे. त्यांनाही जाड चिलखत भेदता येत नसे. मात्र रणगाड्याच्या कुशीतील पातळ पत्रा त्या भेदतात हे ध्यानी येताच जर्मनांना 1943 पासून आपल्या रणगाड्यांच्या बाजूंना जादा पत्रे बसवावे लागले. म्हणजे हत्याराची उपयुक्तता मोजू गेले तर तीही केवळ भोकांच्या संख्येने मोजता येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. करण म्हणजे साधन, आणि बंदूक हे निव्वळ करण होय, पाचांतील एक. आपण मात्र युद्धाचा विचार करताना उरलेली चार कारणे दप्तरात बांधून ठेवतो आणि करणाच्या बळावरून कर्त्याचे मोल ठरवून मोकळे होतो. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माचे बरेवाईटपण बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावे, असे आग्रहाने प्रतिपादिले आहे. तथापि एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे, कारण त्याच अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षणही दिलेले आहे: पुढील परिणाम (अनुबंध), होणारा क्षय, घडणारी हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने जे आरंभिले जाते, ते तामस. फलाची आसक्ती सोडा असे सांगणारा ग्रंथ फलाचा विचार सोडा असे कोठेही सांगत नाही. आणि या दोहोंतला भेद ज्याला कळला नाही, त्याच्या हाती निष्कामतेचे तत्त्व म्हणजे बेजबाबदारपणाला मिळालेली सनदच.

या कसोटीवर कुरैनचे ते एकोणीस जण कोठे उतरतात? पोलादाशी झुंजण्याची हौस म्हणून ते घराबाहेर पडले नव्हते. पोलाद त्यांच्या दाराशी आले होते. शरण जाण्याचा मार्ग सुरक्षित होता, असे म्हणावे तर जे नऊ जण शत्रूच्या हाती सापडले त्यांची गत काय झाली, ते सर्वांपुढे आहे. आपले बळ किती हे त्यांना माहीत नव्हते, असे मानण्यास आधार नाही. ते माहीत असूनही उरलेल्या मार्गांत जो त्यांना स्वधर्माला धरून वाटला, तो त्यांनी पत्करला. म्हणून त्यांचे कर्म तामस ठरत नाही. मात्र दूर कचेरीत बसून, चिलखताची जाडी ठाऊक असताना, ज्याने शिपायाच्या हाती न भेदणारी बंदूक देऊन रणगाड्यापुढे उभे राहण्याचा हुकूम सोडला असेल, त्याला निष्काम कर्माचा आसरा घेता येणार नाही. तेथे परिणामाचा आणि क्षयाचा विचार करणे हेच त्याचे कर्म होते. ‘साधले काय?’ हा प्रश्न धर्म्य आहे. तो हुकूम देणाऱ्याला विचारावयाचा असतो, भिंतीआड उभ्या राहिलेल्याला नव्हे.

आणि करण पूर्णपणे प्रभावी झाले म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस मुतला टेकडीच्या रस्त्याने माघार घेणाऱ्या इराकी फौजेच्या वाहनांची रांगच्या रांग आकाशातून जाळली गेली. त्या युद्धात अमेरिकी विमानांनी व रणगाड्यांनी क्षीण युरेनियमच्या चिलखतभेदी गोळ्या वापरल्या. बॉइज बंदुकीला जे कधी साधले नाही ते त्यांनी सहज साधले, आणि पुढे कित्येक वर्षे त्या धातूचे अवशेष या वाळूत शोधावे लागले, त्यांपासून माणसांना अपाय होईल की काय याची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांना तपासणी करावी लागली. अनुबंध म्हणतात तो हाच. दुबळ्या हत्याराच्या धन्याने सामर्थ्याचा विचार करावा, तर प्रबळ हत्याराच्या धन्याने हिंसेचा आणि अनुबंधाचा. हिशेब दोघांनाही चुकत नाही, फक्त त्याचे सदर बदलते.

हे सारे मी त्या गृहस्थांना परतताना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण निघण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या, त्या मला अजून आठवतात: दाराबाहेरच्या रणगाड्याच्या पोलादावर बोटांची पेरे टेकवून त्याची जाडी त्यांनी अजमावली, आणि मग मागे वळून, पायांतले जोडे काढून, त्या पडक्या उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावला. पहिल्या मोजमापाने दुसरे खोटे ठरले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले.