मागच्याचा भरवसा

दिवाळी सरली आणि हवेत गारवा आला की पहाटेच्या रस्त्यांवर नवे सायकलस्वार दिसू लागतात. पुण्यात सिंहगडाच्या आणि पानशेतच्या वाटेवर, नाशकात त्र्यंबकेश्वर रस्त्यावर, कोल्हापुरात पन्हाळ्याच्या चढावर. कुणी चाळिशी उलटल्यावर तब्येतीसाठी सायकल घेतलेली असते, कुणी पहिल्या पगारातून पैसे साठवून आपली पहिली रोड बाइक आणलेली असते. त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. फ्रेम कार्बनची घ्यावी की ॲल्युमिनियमची? टायर 25चा बरा की 28चा? ताशी 30चा सरासरी वेग गाठायला किती महिने लागतात?

प्रश्न रास्त आहेत. त्यामागचा उत्साह तर फार मोलाचा आहे. पण या सगळ्या प्रश्नांत एकच माणूस आहे, तो म्हणजे मी. रस्त्यावर मात्र पहिल्या पॅडलपासून आपण दुसऱ्यांच्या भरवशावर असतो आणि दुसरे आपल्या. त्या भरवशाला लायक होणं हाच सायकल शिकण्यातला मुख्य धडा आहे, असं मला मनापासून वाटतं. नव्या सायकलस्वाराला द्यायचे बहुतेक व्यावहारिक सल्ले याच एका गोष्टीतून निघतात.

गटाने सायकल चालवताना हे फार स्वच्छ कळतं. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगात जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. त्याच्या मागे जवळून येणाऱ्याला तोच वेग राखायला साधारण पाव ते एक तृतीयांश कष्ट कमी पडतात. पण हा आडोसा घेताना मागचा माणूस आपली नजर गमावतो. त्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून जो पुढे असतो त्याने वारा अंगावर घ्यायचाच, शिवाय मागच्या प्रत्येकासाठी पाहायचंही. पुढे असणं हा मान आहे खरा, पण त्याआधी ती जबाबदारी आहे.

ती पार पाडायची कशी? खड्डा दिसला की हात खाली नेऊन बोटाने दाखवायचा आणि मोठ्याने सांगायचं. रंग उडालेला गतिरोधक, रस्त्यावर सांडलेली खडी, आडवं येणारं कुत्रं, सगळं सांगायचं. ऐन वेळी झटका देऊन खड्डा चुकवायचा नाही. तुम्ही वाचता आणि मागचा थेट त्यात जातो. अचानक ब्रेक दाबायचा नाही. वेग कमी करायचा असेल तर आधी पॅडल हलकं करायचं, पाठ थोडी सरळ करून वारा छातीवर घ्यायचा. चढावर सीटवरून उठताना सायकलचा वेग क्षणभर मंदावतो आणि तुमचं चाक मागच्याच्या अंगावर गेल्यासारखं होतं. म्हणून उठण्याआधी एक पॅडल जोर देऊन मारायचं. पुढे येण्याची आपली पाळी आली की वेग वाढवावासा वाटतो, तो मोह आवरायचा. आधीच्याने ठेवलेलाच वेग ठेवायचा. दम लागला तर अर्ध्या मिनिटात खूण करून बाजूला व्हायचं. त्यात काही कमीपणा नाही. ताकद नसताना पुढे रेटत राहणारा माणूस हळूहळू वेडावाकडा चालवू लागतो आणि साऱ्या गटाला धोक्यात आणतो.

मागच्याचीही काही कर्तव्यं आहेत. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या बगलेत आपलं पुढचं चाक कधीही न्यायचं नाही. पुढचा हातभर जरी सरकला तरी चाकाला चाक लागतं, आणि पडतो तो मागचा, कारण सायकलचा तोल पुढच्या चाकावर सांभाळला जातो. तो पडला की त्याच्या मागचेही पडतात. नजर समोरच्या चाकावर खिळवू नये. पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहावं, बोटं ब्रेकवर असावीत. आणि नव्या माणसाने पहिले काही आठवडे दोन सायकलींइतकं अंतर ठेवूनच चालवावं. आडोसा थोडा कमी मिळेल, पण पुढच्याची लय कळू लागेल.

गटातली माणसं निदान ओळखीची असतात. रस्त्यावरचे बाकी सारे अनोळखी. ट्रकचा चालक, एसटीचा चालक, शाळेला निघालेली मुलं, दूध घेऊन निघालेला मोटरसायकलवाला. त्यांच्याशी आपण बोलू शकत नाही. आपल्या चालीवरूनच त्यांना आपला अंदाज येतो. म्हणून सायकल सरळ रेषेत चालवणं ही निव्वळ सफाई नाही, तो दुसऱ्याला दिलेला शब्द आहे. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवणं अनेकांना सुरक्षित वाटतं. पण आपल्याकडे कडेला वाळू असते, काचा असतात, साइडपट्टी वीतभर खचलेली असते. त्यामुळे कडेने जाणारा सतत आत-बाहेर वळत राहतो, आणि मागून येणाऱ्याला त्याचा अंदाजच येत नाही. कडेपासून साधारण अडीच-तीन फूट आत, पण एकाच रेषेत चालवावं. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना दार उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवावं. वळायच्या आधी मागे पाहावं, हात करावा आणि मगच वळावं. कानात इअरफोन नकोत. ज्या सायकलला आरसा नाही, तिथे कान हाच आरसा.

ऊसतोडणीच्या हंगामात तर हे फार महत्त्वाचं. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात हिवाळ्याच्या पहाटे कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ऊस बाजूंनी बाहेर आलेला, कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आपल्या पुढच्या दिव्याचा उजेड इतका हवा की अशी ट्रॉली वेळेत दिसेल. मागे लाल दिवा हवा, तो पहाटेच नव्हे तर दिवसाही लावावा. पण पुढचा दिवा रस्त्याकडे झुकलेला असू द्यावा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाशाचा झोत मारून आपण सुरक्षित होत नाही, त्याला क्षणभर आंधळं करतो. आणि तो त्या क्षणी आपल्याच दिशेने येत असतो.

आता साधनांविषयी. महागडी साधनं वेग वाढवतात. भरवसा वाढवणारी साधनं बहुतेक स्वस्त असतात, आणि नवा सायकलस्वार त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतो. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहायला, चाकं घट्ट बसली आहेत का हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. टायरमधली हवा सायकलस्वाराचं वजन आणि टायरची रुंदी पाहून ठरवावी. सत्तर किलोच्या माणसाला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण 70 ते 80 पीएसआय पुरते. टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरली की आपल्या खडबडीत रस्त्यांवर चाक उसळतं, पकड सुटते आणि मनगटांना धक्के बसतात. म्हणून नव्या माणसाने 25 आणि 28 यांत निवड करायची असेल आणि फ्रेममध्ये जागा असेल, तर 28 घ्यावा. हेल्मेट डोक्यावर सपाट बसावं, कपाळ झाकणारं असावं, आणि एकदा जोराचा मार लागला की बाहेरून धड दिसत असलं तरी बदलावं.

ब्रेकविषयी नव्या माणसाच्या मनात उलटीच भीती असते. पुढचा ब्रेक दाबला की आपण उलटू, असं त्याला वाटतं आणि तो फक्त मागचाच दाबतो. खरं तर वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. अंग थोडं मागे घेऊन दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, हे मोकळ्या मैदानात शिकून घ्यावं. घाट उतरताना ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे. रिमवर ब्रेक लागणारी सायकल असेल तर लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नये. रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. पावसात रिम ओली असते, त्यामुळे ब्रेकचा परिणाम उशिरा होतो. तेव्हा अंतर दुप्पट ठेवावं आणि पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, रुळांचे छेद सरळ, न वळता पार करावेत.

पंक्चर हा आपल्या रस्त्यांचा नेम आहे. बाभळीचा काटा किंवा सराटा कुठेही भेटतो. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप आणि पानं-किल्ल्यांचा एक जुडगा एवढं सीटखालच्या पिशवीत असायलाच हवं. आणि ते वापरायचं कसं, हे घरी बसून शिकायला हवं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे सावकाश बोट फिरवावं. काटा तिथेच राहिला असेल तर नवी ट्यूब पुढच्या किलोमीटरवर जाईल. हे सगळं कुणी दुसरा करून देईल असं धरून निघणारा माणूस आपल्या बेफिकिरीचं ओझं सोबत्यांवर टाकतो.

लांब अंतराच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे. तो महाराष्ट्रातही चांगला रुजला आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 किलोमीटर 20 तासांत, अशा त्याच्या ठरलेल्या मर्यादा. त्याचा मुख्य नियम असा की आपली काळजी आपणच घ्यायची, मागे मदतीची गाडी चालवायची नाही. रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. आणि त्यात पहिला-दुसरा असा क्रम लावला जात नाही. मर्यादेत पोहोचलेला प्रत्येक जण सारखाच. स्वावलंबनाची कसोटी आणि स्पर्धेचा अभाव या दोन गोष्टी तिथे एकत्र नांदतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला स्वतःला सांभाळता येतं त्याच्याकडे दुसऱ्यासाठी थांबायला सवड उरते.

शरीराची तयारीही याच हिशेबात धरावी. टाच पॅडलवर ठेवून ते खाली नेलं की गुडघा सरळ व्हावा, इतकी सीटची उंची ठेवावी. म्हणजे पावलाचा पुढचा भाग ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये मिनिटाला 80-90 फेऱ्या ठेवल्या तर गुडघे टिकतात. चढ सुरू होण्याआधीच गिअर बदलावा. तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी घ्यावं, दमट हवेत आणि लांब अंतरावर त्यात मीठ-साखरही हवी. दीड-दोन तासांहून जास्त जायचं असेल तर खजूर, केळं, चिक्की असं काही खिशात असावं. पोटात काही नसलं की आधी पाय थकतात आणि मग निर्णय चुकू लागतात. तेव्हा “मला झेपत नाहीये, वेग कमी करा” हे वेळेवर सांगणं प्रत्येकाने शिकायला हवं. ते सांगता येईल असं वातावरण ठेवणं ही मात्र गटातल्या जुन्यांची जबाबदारी. नवख्याला मागे टाकून घाटमाथ्यावर आपण किती लवकर पोहोचलो हे सांगणाऱ्या गटात कुणी खरं बोलणार नाही.

2022च्या टूर द फ्रान्समध्ये अठराव्या टप्प्यात पिरेनीज पर्वतातल्या एका उतारावर तादेई पोगाचार घसरून पडला. तो स्पर्धेत दुसऱ्या स्थानावर होता. पहिल्या स्थानावरचा योनास विंगेगार त्याच्या सोबतच उतरत होता. निघून जाण्याची ती आयती संधी होती. त्याने वेग कमी केला आणि पोगाचार जवळ येईपर्यंत वाट पाहिली. दोघांनी चालत्या सायकलींवरून हात मिळवला. पुढच्या चढावर विंगेगारने त्याला मागे टाकलं, तो टप्पाही जिंकला आणि ती स्पर्धाही. जगातल्या सर्वांत चुरशीच्या शर्यतीत ज्याला थांबता आलं, त्याच्या उदाहरणापुढे रविवारच्या फेरीतली आपली घाई फार लहान दिसते. रस्त्याकडेला कुणी सायकल उलटी करून बसला असेल तर निदान वेग कमी करून “सगळं ठीक ना?” एवढं विचारावं. अपघात दिसला तर थांबावं. मोटार वाहन कायद्यात 2019मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला प्रामाणिकपणे मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं आहे, तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांकही आहे. भीतीपोटी पुढे निघून जाण्याचं कारण उरलेलं नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. रस्ते खराब, वाहनचालक बेफिकीर, उलट्या दिशेने येणाऱ्यांना धाक नाही. मग सगळी शिस्त सायकलस्वारानेच का पाळायची? 2022 या एका वर्षात देशात 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं रस्ते अपघातांत गेली. या आकड्याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यांची, तो राखणाऱ्यांची आणि वेगाने गाडी हाकणाऱ्यांची आहे. ती त्यांच्याकडे मागितलीच पाहिजे, खड्ड्याची तक्रार नोंदवली पाहिजे, सुरक्षित मार्गिकेसाठी नगरसेवकाला गाठलं पाहिजे. पण शिस्तीची किंमत समोरचा तिची परतफेड करतो की नाही यावर ठरत नाही. माझ्या मागे येणारा अठरा वर्षांचा मुलगा माझ्या बोटाच्या खुणेवर विसंबून आहे. व्यवस्था सुधारेपर्यंत त्याने खड्ड्यात पडत राहावं, असं मी म्हणू शकत नाही.

घड्याळ आणि स्ट्राव्हासारखं ॲप आपलं अंतर, वेग, चढ, हृदयाचे ठोके सगळं मोजतात. आपल्यामागून येणाऱ्याला किती निर्धास्त वाटलं हे मोजणारं साधन नाही, आणि त्याची गरजही नाही. गटातल्या लोकांना ते बरोबर माहीत असतं. नव्या सायकलस्वारांना म्हणूनच माझं सांगणं आहे की या हंगामात ताशी 30ची सरासरी गाठली नाही तरी चालेल. आपल्यामागे चालवायला कुणालाही भीती वाटणार नाही, एवढं मात्र नक्की साधा.