दोन जागांच्या राज्यातला वकील

म्हापशाला शुक्रवारचा बाजार भरतो. पेडणे तालुक्यातला शेतकरी त्या दिवशी टोपलीत भाजी आणायचा आणि पिशवीत जमिनीचा एक-चौदाचा उतारा. भाजी खपली की वकिलाकडे. कुणाचा कुळाचा दावा, कुणाचा मुंडकाराचा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर बांधून पिढ्यान्पिढ्या राहणारा तो मुंडकार. त्याला डोक्यावरचं छप्पर राखायला कायद्याचा आधार मिळाला १९७५ साली. पण कायदा झाला म्हणून घर नावावर होत नाही. अर्ज लिहावा लागतो, मामलेदारापुढे तारखा घ्याव्या लागतात आणि पोर्तुगीज काळातला दस्तऐवज वाचू शकणारा माणूस शोधावा लागतो. असा माणूस निवडणुकीला उभा राहिला की लोकांना त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

ॲड. रमाकांत खलप हे अशा मातीतले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप), पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे एकेकाळचे आमदार. महाराष्ट्रात विधानसभेच्या एका मतदारसंघात तीन लाखांवर मतदार असतात, गोव्यात जेमतेम तीस हजार. तिथे आमदाराला लोकांपासून लांब राहताच येत नाही. लग्नात, जत्रेत, मयताला, सगळीकडे लोक कागद पुढे करतात. या जवळिकीला लोक क्षुल्लक राजकारण म्हणतात, ते मला पटत नाही. कायद्याचं एक कलम माणसाच्या चुलीपर्यंत कसं पोचतं, हे तिथल्या वकिलाला रोज दिसतं. मोठ्या राज्यांतल्या किती नेत्यांना ते दिसतं?

१९९६ साली खलप पणजी मतदारसंघातून लोकसभेवर गेले. लोकसभेत अख्ख्या गोव्याच्या जागा दोन. एरवी अशा खासदाराला दिल्लीत कोण विचारतं? पण संयुक्त आघाडीचं सरकार अनेक छोट्या पक्षांच्या आधारावर उभं होतं, आणि देवेगौडांच्या मंत्रिमंडळात खलप कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला त्यांनी लोकसभेत ८१ वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं. लोकसभेत आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारं ते पहिलं विधेयक.

विधेयक गीता मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने ते बारकाईने वाचलं आणि एक उणीव दाखवली: ज्या राज्यात लोकसभेच्या तीनपेक्षा कमी जागा आहेत, तिथल्या महिलांचं काय? दोनाचा तिसरा हिस्सा काढायचा कसा? म्हणजे लोकसभेपुरतं तरी विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याचंच राज्य त्यातून बाहेर राहत होतं. समितीने अशा राज्यांचीही सोय करायला सांगितलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सारा देश डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या मसुद्यात छोटी राज्यं अशी सहज निसटतात. ती निसटू नयेत म्हणून संसदेत कलम अन् कलम वाचणारी, शंका काढणारी माणसं हवीत, आणि हे शिक्षण कोर्टात मिळतं.

पुढे सरकार पडलं, लोकसभा बरखास्त झाली, विधेयकही बुडालं. १९९८ मध्ये ते पुन्हा मांडायला निघालेल्या नव्या कायदामंत्र्यांच्या हातून त्याची प्रत सभागृहात हिसकावून फाडली गेली. खलपांनी नंतर काँग्रेसची वाट धरली, गोवा कायदा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं, आणि २०२४ मध्ये उत्तर गोव्यातून उभे राहून श्रीपाद नाईकांकडून हरले. हार-जीत मोजली तर या कारकिर्दीचा हिशेब चटकन आटोपतो. मला तो हिशेब अपुरा वाटतो. त्यांनी मांडलेली मूळ कल्पना सप्टेंबर २०२३ मध्ये, तब्बल २७ वर्षांनी, १०६ वी घटनादुरुस्ती म्हणून मंजूर झाली. त्या दिवसांत वाहिन्यांवर श्रेयाचा गजर चालला होता. पहिला मसुदा सभागृहात मांडणाऱ्या मांद्र्याच्या वकिलाचं नाव त्यात क्वचितच ऐकू आलं. निदान मराठी वाचकाने तरी ते लक्षात ठेवावं.

ही दुरुस्तीसुद्धा जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच लागू व्हायची, असं तिच्यातच लिहिलं आहे. तिची गरज किती, ते गोव्यातच दिसतं: इथून लोकसभेवर निवडून गेलेली महिला २०२४ पर्यंत एकच: मगोपच्या संयोगिता राणे, १९८० साली.