कर्ता गाळलेली वाक्यं

पुण्यातल्या खराडीच्या आयटी पार्कात दोन मराठी माणसं एकमेकांशी इंग्रजीत का बोलतात, याचं ठरलेलं उत्तर ‘न्यूनगंड’. मला ते अपुरं वाटतं. साहेब वयानं लहान, आणि त्याला नुसत्या नावानं हाक मारायची हा कंपनीचा शिरस्ता. मग त्याला अरे-तुरे करायचं की अहो-जाहो? ‘यू’ म्हटलं की हा पेच पडतच नाही.

मराठी न सोडणारे दुसरी पळवाट काढतात. ‘रिपोर्ट पाठवला का?’ यात ‘पाठवलास’चा स नाही की ‘पाठवलात’चा त नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं म्हणून हे साधतं. वर्तमानकाळात मात्र ‘पाठवतोस’ की ‘पाठवता’ हे ठरवावंच लागतं. मग ‘आज मिळेल का?’ असं विचारायचं. कर्ता गाळून माणसं महिनोन्महिने काढतात. व्याकरणाच्या पुस्तकात न सापडणारी ही अदब मला फार हुशारीची वाटते.

हा पेच ऑफिसाबाहेरही आहे. खराडी 1997 साली पुणे महापालिकेत आली. त्याआधी नगर रस्त्यालगतचं, मुळा-मुठेच्या काठचं शेतीचं गाव. आता तिथे नागपूर, लातूर, जळगाव, कोल्हापूर एकाच सोसायटीत राहतात आणि प्रत्येकाचा मान देण्याचा हिशेब निराळा. कोल्हापूरकराच्या ‘बसा की’मध्ये आग्रह असतो, पुणेकराला त्यात हुकूम ऐकू येतो. नागपूरकडच्या माणसाचा ‘बे’ सगळ्यांच्या लक्षात राहतो, त्याचा ‘जी’ कुणी ऐकत नाही. खरं तर तेराव्या शतकात ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी रचलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींना त्यांचे भक्त ‘जी जी’ म्हणूनच उत्तर देतात. मराठी गद्यातली ही जुनी अदब विदर्भानं जपली आणि आपण तिला गावंढळ ठरवलं.

ठरवणारं माप पुण्याचं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, मेजर कँडींनी शाळेच्या पुस्तकांची भाषा घासूनपुसून घेतली, आणि पुण्याच्या शास्त्रीमंडळींचं वळण हेच सभ्य मराठीचं वळण झालं. त्यातून समज रुजला की अनेकवचन म्हणजे आदर. पण आपण आईला एकेरी हाक मारतो, विठ्ठलालाही. उलट, भांडण चढलं की माणसं एकेरीवर येतात म्हणतात, तरी अस्सल पुणेरी भांडण शेवटपर्यंत अहो-जाहोतच चालतं. ‘आपण जरा शहाणे दिसता’ हे वाक्य शिवीपेक्षा जास्त लागतं. (‘कृपया’ तर पाटीवरच राहिला, तोंडी विनंती करायला ‘जरा’ पुरतो.)

सोसायट्यांमध्ये हे माप उघडं पडतं. घरकामाच्या बाईंना सगळे ‘मावशी’ म्हणतात, ‘या’, ‘बसा’ही म्हणतात. मात्र बऱ्याच इमारतींत मावशींची लिफ्ट वेगळी आणि घरातला कपही वेगळा. क्रियापदाला जोडलेल्या आदराला पैसे पडत नाहीत. याउलट मराठवाड्यातून आलेली एखादी मावशी मालकिणीला सरळ विचारते, ‘ताई, जेवलीस का?’ मालकीण चपापते, कारण तिला फक्त एकवचन ऐकू येतं. विचारणारीच्या गावी परक्या माणसाला जेवणाचं एकेरीत विचारत नाहीत. तिनं हिला घरची धरलेलं असतं. त्यावर तुटक ‘हो, झालं’ म्हणणाऱ्या मालकिणीपेक्षा मावशीच मला जास्त अदबशीर वाटते.