गुडघाभर पाण्यातली साधना



बेंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही कारखान्यांची वसाहत आहे. पोटापाण्यासाठी देशभरातून लोक इथे येतात, त्यांत आपली मराठी माणसेही आहेत. रात्री पाऊस कोसळतो आणि सकाळी डबा घेऊन दाराबाहेर पडावे तर गल्लीत गुडघाभर पाणी! शिफ्टची वेळ तर पाण्यासाठी थांबत नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका थेट बोम्मसंद्र्यापर्यंत सुरू झाली, मोठी सोय झाली. पण घरापासून स्टेशनापर्यंतची वाट पाण्यातूनच काढावी लागते.

अशा वेळी मनात काय उठते, ते जरा तपासून पाहा. आधी चिडचिड, मग कोणाला तरी दोष, मग दिवसभराची कटकट. पाणी संध्याकाळपर्यंत ओसरते, पण मनात साचलेले पाणी घरी येऊन बायको-मुलांच्या अंगावर उडते.

भगवान श्रीकृष्णांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगितले की थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सोसायला शीक. यालाच तितिक्षा म्हणतात. पण इथे एक गल्लत होते. सोसणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. हे ज्याला सांगितले, त्या अर्जुनाला भगवंतांनी घरी पाठवले नाही, कर्तव्याला उभे केले.

पाणी का साचते?

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. शहराला मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी उतारावर तळी बांधली आणि ती एकमेकांना ओढ्यांनी जोडली. या ओढ्यांना तिथे राजकालुवे म्हणतात. वरचे तळे भरले की जादा पाणी खालच्या तळ्यात जाई. पुढे कुठे तळी बुजली, कुठे ओढ्यांवर बांधकामे झाली, उरलेल्यांत कचरा अडकला. सप्टेंबर २०२२ मध्ये याच शहरात लोक ट्रॅक्टरमध्ये बसून कचेरीत गेले. पाण्याने काही वेगळे केले नाही, ते आपल्या जुन्या वाटेनेच आले.

मनाचेही असेच आहे. नामस्मरण, स्वाध्याय, सत्संग हे मनाचे ओढे आहेत. ते वाहते असतील तर प्रसंगाचे पाणी येते आणि निघून जाते. 'आज वेळ नाही' म्हणत आपण ते बुजवतो, आणि मग एका सरीत मन तुंबते.

मग करायचे काय?

पावसाळ्यात अर्धा तास लवकर उठा, घाई गेली की निम्मा राग जातो. पाण्याखालचे झाकण उघडे असू शकते, म्हणून माहीत नसलेल्या पाण्यात पाऊल टाकू नका आणि विजेच्या खांबापासून दूर राहा. जिवावर बेतेल असे वाटले तर मागे फिरा. एक दिवसाचा पगार बुडणे हे लहान दुःख नाही, हे आम्ही जाणतो, पण घरच्यांना तुम्ही हवे आहात.

गाडीवर असाल तर वेग कमी करा. आपल्या चाकाचे पाणी पायी चालणाऱ्याच्या अंगावर उडू न देणे हीसुद्धा अहिंसा आहे. म्हाताऱ्या माणसाला हात द्या. मागून येणाऱ्याला खड्डा दाखवा. एवढ्यासाठी वेगळा सेवेचा दिवस कशाला हवा?

आणि पाणी ओसरल्यावर विसरू नका. गल्लीतले चार जण मिळून नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्या, त्याचा पाठपुरावा करा. शब्द नम्र असू द्या, मागणी मात्र ठाम ठेवा. आपल्या घरचा कचरा गटारात जाणार नाही, हे आजपासून पाळा.

या आठवड्याचा संकल्प एवढाच: उद्या पाण्यात पाऊल टाकताना प्रत्येक पावलाला नाम घ्या, आणि पलीकडे पोहोचल्यावर एकदा मागे वळून पाहा. कोणी अडकले आहे का? असेल, तर देवाने आजची सेवा तिथेच ठेवली आहे.